कंपनीचं ऐका, पण सही तिथे करू नका

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका ताईंचं पत्र आलंय. माल साठवणाऱ्या आणि पोचवणाऱ्या एका कंपनीत त्या हिशेब विभागात काम करतात. त्यांच्याकडे ग्रीन कार्ड आहे, मिस्टर अमेरिकन नागरिक आहेत. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग देते.

"आमची कंपनी उद्योजकांच्या एका संघटनेची सभासद झालीय. तेव्हापासून दर महिन्याला 'तुमच्या नोकरीवर परिणाम करणारे प्रश्न' असा ईमेल येतो. जेवणाच्या खोलीत लोकप्रतिनिधींचा तक्ता लावलाय. 'नोकऱ्यांच्या बाजूने' मत दिलं त्याला हिरवी खूण, विरोधात दिलं त्याला लाल. मागच्या मंगळवारी शिफ्टच्या आधी सगळ्यांना बोलावून संघटनेच्या माणसाने स्लाइड दाखवल्या. शेवटी फोनवर लिंक आली. नाव आणि घरचा पत्ता घातला की काँग्रेसमधल्या, म्हणजे इथल्या संसदेतल्या, आपल्या प्रतिनिधीला तयार पत्र जातं. मी घातलं, पाठवलं. दुसऱ्या दिवशी मॅनेजर टेबलापाशी येऊन 'थँक यू' म्हणाला. त्याला कसं कळलं? आता कंपनीच्या पीएसीसाठी, म्हणजे राजकीय निधीसाठी, पगारातून पैसे कापायचा फॉर्म आलाय. शेजारी बसणारा कोल्हापूरचा मुलगा एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, आहे. त्यालाही हेच सगळं आलं, वर मतदार नोंदणीची लिंकसुद्धा. भरू का, विचारतोय. मिस्टर म्हणतात, सगळीकडे हेच चालतं, गप्प काम कर. आणि खरं सांगायचं तर त्या स्लाइडमधलं बरंचसं मला पटायलाही लागलंय. माझे वडील सांगलीकडे साखर कारखान्यात टाइमकीपर होते, त्यामुळे हे ओळखीचं वाटतं. पण इथे असं असेल असं वाटलं नव्हतं. मी काय करू?"

ताई, बाकी सगळं नंतर. आधी त्या मुलाला फोन करा आणि सांगा की मतदार नोंदणीच्या लिंकला हात लावू नकोस. त्या फॉर्मवर 'तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का' हा प्रश्न असतो. नागरिक नसताना तिथे 'हो' अशी खूण केली, तर नागरिकत्वाचा खोटा दावा केल्यासारखं होतं, आणि इमिग्रेशनच्या कायद्यात त्याच्याइतकी महागात पडणारी चूक क्वचितच दुसरी असेल. पुढचं ग्रीन कार्ड अडतं, देशाबाहेर काढण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. 'कंपनीनेच लिंक पाठवली होती' या सबबीचा तिथे फारसा उपयोग होत नाही. राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेसच्या निवडणुकीत बिगरनागरिकाने मत देणं हा १९९६च्या कायद्याने फौजदारी गुन्हा आहे. हे तुम्हालाही तितकंच लागू आहे. ग्रीन कार्डवर कर भरता येतो, घर घेता येतं, मत देता येत नाही. त्याने फॉर्म आधीच भरला असेल, तर मतदानाला जायचं नाही, निवडणूक कचेरीला स्वतः पत्रही लिहायचं नाही, आधी इमिग्रेशनचा वकील गाठायचा.

लिंक पाठवणाऱ्याच्या मनात त्या मुलाचं वाईट करायचं असेल असं मला वाटत नाही. पगारपत्रकावरची सगळी नावं उचलून यादी केली जाते आणि त्या यादीत नागरिक कोण, व्हिसावर कोण, हे कोणी पाहत नाही. राग येतो तो याचाच. दोनशे माणसांच्या राजकीय वागण्यात हात घालायचा आणि त्यातली काही माणसं या देशात कशाच्या आधारावर उभी आहेत एवढं बघायची तसदी घ्यायची नाही.

पीएसीच्या फॉर्मबद्दलही असंच. पीएसी म्हणजे उमेदवारांना पैसे देण्यासाठी काढलेला निधी. कंपनीला स्वतःच्या तिजोरीतून काँग्रेसच्या किंवा राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला थेट पैसे देता येत नाहीत. ही बंदी १९०७पासूनची आहे. म्हणून माणसांकडून 'स्वेच्छेने' गोळा करतात. एच-१बीवाल्याने यात एक डॉलरही घालायचा नाही, परदेशी नागरिकाला त्याची मनाईच आहे. तुम्ही ग्रीन कार्डवर आहात, तुम्हाला चालतं. पण चालतं म्हणजे द्यायलाच हवं असं नाही. देणं ऐच्छिक आहे आणि नकार दिल्याने काहीही वाकडं होणार नाही, हे पैसे मागतानाच सांगायचं बंधन आहे. फॉर्मवर तो मजकूर आहे का बघा. दुसरं असं की कंपनीला वाटेल तेव्हा वाटेल त्याच्याकडे मागता येत नाही. भागधारक आणि व्यवस्थापनातले, वरच्या जबाबदारीचे पगारी लोक यांच्याकडे केव्हाही मागता येतं. बाकी कर्मचाऱ्यांकडे वर्षातून जास्तीत जास्त दोनदा, तेही घरच्या पत्त्यावर टपालाने, आणि कोणी नाही म्हटलं ते कंपनीला कळणार नाही अशी व्यवस्था ठेवून. तुमचा फॉर्म टेबलावर आणून ठेवला असेल आणि तुम्ही वरच्या पदावर नसाल, तर तिथेच काहीतरी चुकलंय. शिवाय एका वर्षात २०० डॉलरच्या वर दिलेत तर देणाऱ्याचं नाव आणि तो कुठे नोकरी करतो हे सरकारी यादीत सगळ्यांना दिसतं. एवढं कळल्यावरही द्यावंसं वाटलं तर जरूर द्या.

आता तुमचा मोठा प्रश्न. हे इथे चालतं कसं?

आपण भारतातून येताना एक समजूत घेऊन येतो की अमेरिकेत भाषणस्वातंत्र्य आहे, म्हणजे ते नोकरीच्या जागीही असणार. पण ते स्वातंत्र्य देणारी पहिली घटनादुरुस्ती सरकारला बांधते, खासगी मालकाला नाही. राजकीय मतावरून नोकरीवरून काढण्याला सगळ्या देशासाठी बंदी करणारा कायदा खासगी नोकरदारांसाठी नाही. काही राज्यांनी आपापले केले आहेत. कॅलिफोर्नियात मालकाने कर्मचाऱ्याच्या राजकीय वागण्यावर दाब आणायला फार जुनी मनाई आहे. अनेक राज्यांत असं काही नाही.

दुसरीकडे मालकांची बाजू संघटित होत गेली. उद्योगांची राजकीय समिती म्हणून १९६३ साली वॉशिंग्टनमध्ये बायपॅक ही संस्था निघाली. तिने २०००च्या निवडणुकीच्या सुमाराला 'प्रॉस्पेरिटी प्रोजेक्ट' सुरू केला. कंपन्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांशी निवडणुकीबद्दल बोलावं, त्यासाठी तयार मजकूर, तयार संकेतस्थळं, लोकप्रतिनिधींनी दिलेल्या मतांचे तक्ते असं सगळं पुरवायचं. होम डेपोचे सहसंस्थापक बर्नी मार्कस यांनी उभी केलेली 'जॉब क्रिएटर्स नेटवर्क'ही मालकाकडून कामगाराकडे संदेश पोचवण्याच्या याच कामात आहे. तुमच्या भिंतीवरचा तक्ता याच जातीचा दिसतो. तो कोणी छापला हे तळाशी बारीक अक्षरात असेल, जरूर वाचा.

तरी २०१०पर्यंत एक कुंपण होतं. 'अमक्याला मत द्या' असं कंपनीला आपल्या पैशाने फक्त भागधारकांना आणि वरच्या अधिकाऱ्यांना सांगता येई. जानेवारी २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'सिटिझन्स युनायटेड' खटल्यात कंपन्यांच्या स्वतंत्र राजकीय खर्चावरची बंदी उठवली आणि ते कुंपणही गेलं. गोदामात खोकी उचलणाऱ्यापर्यंत मालकाचा निवडणुकीचा निरोप जायला वाट मोकळी झाली.

दोनच वर्षांनी, २०१२च्या निवडणुकीत, हे उघड दिसलं. कोक (Koch) इंडस्ट्रीजच्या जॉर्जिया-पॅसिफिक या कागद कंपनीने ४५ हजारांच्या आसपास कर्मचाऱ्यांच्या घरी पाकिटं पाठवली. आत कंपनीच्या पसंतीच्या उमेदवारांची यादी होती. चुकीची माणसं निवडून आली तर परिणाम कर्मचाऱ्यांनाही भोगावे लागतील असा इशारा होता, आणि निर्णय सर्वस्वी तुमचाच आहे असंही त्यातच लिहिलेलं होतं. फ्लोरिडातल्या वेस्टगेट रिसॉर्ट्सचे मालक डेव्हिड सीगल यांनी सात हजारांच्या आसपास लोकांना ईमेल केला की ओबामा पुन्हा आले आणि कर वाढले तर मला कंपनी लहान करावी लागेल. ओबामा पुन्हा आले. २०१४मध्ये याच सीगल यांनी कंपनीतलं किमान वेतन ताशी १० डॉलर केलं. ओहायोत मरी एनर्जी या कोळसा कंपनीची खाण ओबामांचे प्रतिस्पर्धी रॉमनी यांच्या सभेसाठी एक दिवस बंद ठेवली, कामगारांचा त्या दिवसाचा पगार गेला. कंपनीच्या अधिकाऱ्याने नंतर खुलासा केला, हजेरी सक्तीची होती पण कोणावर जबरदस्ती नव्हती.

हा शेवटचा खुलासा पुन्हा वाचा, ताई. तुमच्या मंगळवारच्या बैठकीचं वर्णन त्यात आहे. कोणी दंडाला धरून नेलं नाही. पण शिफ्टच्या वेळेला, कंपनीच्या छताखाली, मॅनेजर दाराशी उभा असताना 'मी येत नाही' म्हणायला किती जणांचं धैर्य झालं असतं?

तुम्ही वडिलांच्या कारखान्याची आठवण काढलीत ती योग्यच आहे. आपल्याकडे सहकारी साखर कारखान्याच्या चेअरमनला आमदारकी लढवायची असेल तर कामगाराला वेगळी चिठ्ठी पाठवावी लागत नाही. कायम कोण होणार, हंगामी कोण राहणार, मुलाला कारखान्याच्या कॉलेजात जागा मिळणार का, हे कोणाच्या हातात आहे ते त्याला ठाऊक असतं. इथे तेच काम स्लाइड आणि लिंकवर चालतं. फरक एवढाच की कारखान्यात कोण कोणाचा माणूस आहे हे उघड असतं, आणि इथे त्याला 'माहिती' म्हणतात.

मिस्टरांना मात्र सांगा की सगळीकडे हे चालत नाही. अलेक्झांडर हर्टेल-फर्नांडिस या राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने अमेरिकन कामगारांची पाहणी केली. मालकाने आपल्याशी कोणत्या ना कोणत्या राजकीय विषयावर संपर्क साधला, असं सुमारे एक चतुर्थांश लोकांनी सांगितलं. म्हणजे बरंच चालतं, पण तीन चतुर्थांश लोकांच्या वाट्याला ते येत नाही. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्यांना नोकरी जाण्याची भीती होती ते मालकाच्या सांगण्याला जास्त प्रतिसाद देत होते. पटलं म्हणून किती आणि घाबरून किती, हे खुद्द त्या माणसालाही वेगळं करता येत नाही.

म्हणूनच तुमच्या पत्रातलं 'मला पटायलाही लागलंय' हे वाक्य मला सर्वात जवळचं वाटलं. त्याची लाज बाळगू नका. धंदा चालवणाऱ्याला धंद्यातल्या काही गोष्टी खरोखरच आपल्यापेक्षा जास्त कळतात. डिझेलचा भाव, विम्याचा हप्ता, नव्या नियमामुळे वाढणारी कागदपत्रं, हे तो बोलला तर ऐकावं. मत कुठून आलं यावरून ते खोटं ठरत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ऐकणं आणि उत्तर देणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि कंपनी त्या एकाच अर्ध्या तासात उरकून घेते. स्लाइड संपते आणि फोनवर लिंक येते. मधे विचाराला वेळच नाही. जो माणूस तुमचा पगार, तुमची रजा आणि त्या कोल्हापूरच्या मुलाचा व्हिसा हातात धरून आहे, त्याच्या देखत दिलेलं उत्तर मोकळं असूच शकत नाही, मग तो कितीही सज्जन असो. एच-१बीवाल्याची नोकरी गेली तर दुसरी शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. त्याने कोणत्या तोंडाने 'मला हे पटत नाही' म्हणायचं?

तेव्हा कंपनीचं ऐका, वाटल्यास नीट टिपून घ्या, पण उत्तर तिथे देऊ नका. सही नको, क्लिक नको, 'मी कोणाच्या बाजूने' ही चर्चा नको. उत्तर घरी.

आणि घरी गेल्यावर तो तक्ता एकदा बारकाईने तपासा. काँग्रेसमध्ये एका वर्षात शेकड्यांनी मतदानं होतात. तक्त्यात किती आहेत? दहा-बारा असतील. ती कोणी निवडली? पगारी रजा, किमान वेतन, कामाच्या जागची सुरक्षितता, ओव्हरटाइम, यातलं एखादं तरी मतदान तिथे आहे का? बहुधा नसेल. तक्ता खोटा नसतो, प्रत्येक खूण खरी असते. खोट असते ती निवडीत. ज्या मतदानात नावानिशी नोंद होते, त्यात प्रत्येक प्रतिनिधीने काय मत दिलं हे काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. ज्या तीन-चार प्रश्नांवर तुमच्या घराचं चालणं अवलंबून आहे त्यांवर त्या हिरव्या खुणांच्या माणसाने काय केलं ते बघा. मग पटलं तर तुमचं मत तुमचं झालं, मालकाशी जुळलं तरी.

संघटनेबद्दलही शोधा. अशा संस्थांची नावं नेहमी गोड असतात, त्यात समृद्धी, नागरिक, नोकऱ्या हे शब्द हमखास येतात. ती करमुक्त संस्था असेल तर तिला फॉर्म ९९० हे वार्षिक विवरणपत्र भरावं लागतं आणि ते कोणालाही बघता येतं. संचालक कोण, खर्च कशावर, अधिकाऱ्यांना पगार किती, हे त्यात असतं. देणगीदारांची नावं मात्र बहुतेक वेळा जाहीर करावी लागत नाहीत. ती वॉशिंग्टनमध्ये लॉबिंग करत असेल तर दर तिमाहीचे अहवाल सिनेटच्या संकेतस्थळावर असतात. कोणत्या विधेयकासाठी पैसे खर्च केले ते तिथे सापडेल. अर्धा तास लागेल, तेवढाच त्यांनी तुमचा घेतला होता.

कामगार संघटनासुद्धा सभासदांना कोणाला मत द्यायचं ते सांगतात, मग मालकांनीच काय घोडं मारलं, असं कोणीतरी तुम्हाला म्हणेल. सांगतात, खरं आहे, आणि तिथेही दाब येऊ शकतो. पण संघटनेचा पुढारी तुम्ही मत देऊन निवडता आणि नाही आवडला तर पाडता. मॅनेजरला पाडता येत नाही.

'थँक यू'चं कोडं सोपं आहे. अशा पत्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी पत्र पाठवलं, कोणी नुसती लिंक उघडली, कोणी काहीच केलं नाही, हे चालवणाऱ्याला पडद्यावर दिसण्याची सोय असते. मॅनेजरपर्यंत ती यादी पोचली. त्याने तुम्हाला आभाराचे शब्द म्हटले, पण ज्यांना म्हटले नाहीत त्यांना काय कळलं असेल? म्हणून पुढची लिंक आली की कामाच्या फोनवरून उघडूसुद्धा नका.

नकार कसा द्यायचा यासाठी शौर्य लागत नाही. मॅनेजरने विचारलं तर हसून म्हणा, "राजकारणाचं मी घरी बसून ठरवते, ऑफिसात नाही." कारण देऊ नका, वाद घालू नका, तुमचं मत विरोधात आहे की बाजूने हेही कळू देऊ नका. कारण दिलं की त्यावर चर्चा सुरू होते. पीएसीच्या फॉर्मबद्दल विचारलं तर "सध्या नाही" एवढं पुरे.

तुम्ही न्यू जर्सीत आहात हे तुमचं नशीब. मालकाचं राजकीय किंवा धार्मिक मत ऐकवण्यासाठी घेतलेल्या बैठकीला कर्मचाऱ्याला सक्तीने बसवता येणार नाही, असा कायदा या राज्याने २००६मध्येच केला. कनेक्टिकट, न्यूयॉर्क, मिनेसोटा, इलिनॉय यांनी असे कायदे गेल्या काही वर्षांत केले. ऐच्छिक बैठक घेता येते, पण 'न आल्यास काही होणार नाही' हे मालकाने सांगायला हवं. तुमच्या मंगळवारी तसं कोणी सांगितलं होतं का? बैठकीला न आलेल्यावर किंवा तक्रार करणाऱ्यावर सूड उगवायलाही हा कायदा मनाई करतो. दाद मागायची मुदत मात्र घटनेपासून फक्त ९० दिवस आहे. तुमची बैठक कायद्यातल्या 'राजकीय बाबी'त बसते का, हे कामगार कायद्याचा वकीलच सांगेल. काउंटी बार असोसिएशनकडे, म्हणजे तुमच्या भागातल्या वकिलांच्या संघटनेकडे, वकील सुचवण्याची सोय असते. मी काही तुम्हाला उद्या कोर्टात जा म्हणत नाही. पण आजच घरच्या वहीत लिहून ठेवा, बैठकीची तारीख, कोणी बोलावलं, काय शब्द वापरले, मॅनेजर दुसऱ्या दिवशी काय म्हणाला. कंपनीच्या कॉम्प्युटरवर नको, कंपनीच्या ईमेलवर तर मुळीच नको. भिंतीवरच्या तक्त्याचा फोटो स्वतःच्या फोनने काढायला हरकत दिसत नाही, पण ऑफिसात फोटो काढायला बंदी असेल तर तो मोह टाळा.

राहिलं तुम्ही पाठवलेलं पत्र. ते परत घेता येत नाही, पण त्याने तुम्ही बांधल्याही जात नाही. प्रतिनिधीच्या कार्यालयात अशी एकसारखी पत्रं गठ्ठ्याने येतात आणि त्यांची मोजणी गठ्ठ्यानेच होते. स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या पत्राकडे तिथली माणसं जास्त लक्ष देतात. मतदानाचा हक्क नसला तरी तुम्ही त्या मतदारसंघात राहता, कर भरता, तुम्हाला लिहिण्याचा हक्क आहे. तक्ता तपासून झाला, विचार झाला, की तुमच्या ईमेलवरून चार ओळी लिहा. पहिलं पत्र कंपनीने तयार केलेलं होतं हे हवं तर लिहा, आणि त्याखाली तुम्हाला स्वतःला काय वाटतं ते. ते मॅनेजरच्या पडद्यावर दिसणार नाही.